रिकाम्या गाडीचा अ‍ॅव्हरेज

बाबा, आज नवा ट्रक आला. दोन नारळ सत्तर रुपयांना, झेंडूची माळ शंभरला, लिंबं दहाची. ट्रकची किंमत लिहीत नाही, तुमचा विश्वास बसणार नाही. बरकतपुऱ्याच्या आमच्या गल्लीत तो शिरेना, म्हणून मीच कोपऱ्यापर्यंत गेले, कुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली, देवाचं नाव घेतलं. डिझेलचा आहे. तुमच्या नातवाला गॅसचा हवा होता.

लोखंडी सळयांचा ट्रेलर घेऊन तो स्वतः घाट चढतो. महिनाभर घरात हाच विषय. "आई, गॅस स्वस्त पडतो. कोथिंबिरीच्या जुडीसाठी तू भाजीवाल्याशी भांडतेस, आता कैकू अडतेस?" असं म्हणत त्यानं गॅसचा ट्रक विकणाऱ्या एजंटाचा कागद पुढे केला. मी चष्मा लावून वाचला आणि विचारलं, "हा अ‍ॅव्हरेज रिकाम्या गाडीचा की भरलेल्या?" त्याला माहीत नव्हतं. एजंटाला फोन लावला. रिकाम्या गाडीचा, सपाट रस्त्यावरचा. मग म्हटलं, आपला भरलेला ट्रेलर जोडून घाटात चालवून बघ, त्याशिवाय मी सही करणार नाही. दोन दिवसांनी तो आला, हातपाय धुऊन पानावर बसला. "अर्ध्या चढावरच दम सोडला त्यानं. वर गॅसचा पंप पण नाही. डिझेलच घेऊ." मी भात वाढला. ह्यांनी विचारलं, "तुला बरं सुचलं हे?" म्हटलं, सुचलं असंच.

मी मॅट्रिक झाले तेव्हा तुम्ही मला शाईचं पेन आणलंत आणि म्हणालात, आजपासून हिशेब तुझ्याकडे. त्याच वर्षी जुनी गाडी काढून दुसरी घ्यायची होती. दोन बघून ठेवल्या होत्या, एक दणकट पण डिझेल पिणारी, दुसरी हलक्या इंजिनाची. विकणाऱ्यानं सांगितलेला अ‍ॅव्हरेज धरून मी नव्या पेनानं दोन्हींचा खर्च मांडला. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसला आहात, बशीत चहा ओतला आहे. मी हलक्या गाडीवर बोट ठेवते. तुम्ही कागदाकडे बराच वेळ बघता. "मुनीमबाई म्हणतात, तर हीच घेऊ." आई हसते.

तो आकडाही रिकाम्या गाडीचाच होता. विचारायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं. तिसऱ्या खेपेला घाटात गाडीला भार ओढवेना. चाकामागे दगड लावायला तुम्ही उतरलात आणि गाडी मागे आली. लोक सांगत आले तेव्हा मी तांदूळ निवडत होते. तेवढे निवडून डबा बंद केला, मग उठले. तेराव्यापर्यंत शेजाऱ्यांकडून आणलेली भांडी मोजून परत करत होते.

आईला मी त्या आकड्याचं कधी सांगितलं नाही. ती जाईपर्यंत नशिबाला बोल लावत राहिली आणि मी लावू दिला. हे पत्र देवघरातल्या पोथीतच राहील, कुठल्या पत्त्यावर टाकणार. तरी विचारते. तुम्ही जन्मभर घाट चढलेले. त्या दिवशी माझ्या कागदाकडे बघताना तुम्हाला चूक दिसली होती का, आणि माझा हिरमोड नको म्हणून गप्प बसलात का? हो असेल तर हो, नाही असेल तर नाही, पण उलट टपाली कळवा.