बांधीवरचा भोंगा आणि तुझा राजीनामा

आंधळगावच्या अलीकडे, कार्तिक महिना
(तारीख कॅलेंडरवर आहे आणि कॅलेंडर आतल्या खोलीत आहे.)

चि. हर्षाबाईस आबाजीचा डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद. हात पुण्यापर्यंत पोचत नाही, म्हणून या पत्राच्या घडीत ठेवला आहे. उघडताना जपून उघड.

इकडे सगळे बरे आहे. माझे गुडघे बसताना एक बोलतात आणि उठताना त्याच्या उलट बोलतात. तुझी आजी ठणठणीत आहे, हे तिचा आवाज तलावाच्या पारापर्यंत जातो त्यावरून गावालाही कळते. गायीला कालवड झाली. तिचे नाव तू ठेवायचे ठरले होते, पण तू फोन उचलला नाहीस, म्हणून ती सध्या नावाशिवायच अंगणात हुंदडते आणि कोणी कोणालाही हाक मारली तरी धावत येते. तुझी प्रकृती कशी आहे? जेवतेस का वेळेवर? की त्या कॉम्प्युटरपुढेच बिस्किटे बुडवतेस?

आता मुद्द्यावर येतो. तुझी आई, म्हणजे आमची गुड्डी, परवा फोनवर रडवेल्या आवाजात म्हणाली की हर्षा राजीनामा देते म्हणते. सहा वर्षे तू कंपनीच्या ॲपमधली सगळी बटणे लोकांच्या आधी दाबून पाहिलीस, कोणते कुठे मोडते ते शोधलेस, आणि आता कंपनी म्हणते की बटणे दाबणारा प्रोग्राम लिहायला शीक, तीन महिने देतो, हो की नाही ते पंधरा तारखेपर्यंत सांग. आणि तू म्हणतेस, मला कोडिंग येत नाही, हाताने केलेले सगळे पाण्यात गेले, त्यापेक्षा भंडाऱ्याला येऊन काहीही करीन. हे ऐकून मी दोन दिवस विचार केला. (पहिल्या दिवशी विचार करता करता झोप लागली, तो धरू नकोस.) आणि माझ्या लक्षात आले की या विषयावर तुला सल्ला द्यायला अख्ख्या मोहाडी तालुक्यात माझ्याइतका लायक माणूस नाही. कारण बाई, मी स्वतः याच मोसमात ऑटोमेशनमध्ये गेलो होतो आणि तिथून परतही आलो.

झाले असे. घरामागच्या दोन बांध्यांत (पुण्याकडच्या भाषेत खाचरांत) धान लोंबीवर आला आणि पोपटांची राखण तुझ्या आजीने माझ्याकडे दिली. दुपार उतरली की मचाणावर बसायचे, डबा वाजवायचा, हाकारे घालायचे. काम वाईट नाही. पण पोपटांची जी वेळ, तीच आपल्या शाळेत चौथीच्या कवितेच्या तासाची. एकतीस वर्षे मी त्या शाळेत शिपाई होतो, घंटा वाजवली, आणि वर्गाच्या दाराबाहेरच्या स्टुलावर बसून जेवढ्या कविता ऐकल्या तेवढ्या आतल्या पोरांनीही ऐकल्या नसतील. (आता तिथे आपोआप वाजणारी विजेची घंटा आहे. ती रविवारीही वाजते. रविवारी तिला कोण सांगणार?) तर मी मचाणावर बसलेला आणि वाऱ्यावरून पोरांचा सूर अर्धाच ऐकू यायचा. अर्धी कविता म्हणजे काय यातना, ते तुला सांगायला नको.

म्हणून बाजारात कमलेशच्या दुकानातून एक भोंगा आणला. त्यात आपला आवाज भरता येतो, फवारणीच्या पंपाच्या बॅटरीवर चालतो आणि थोड्या थोड्या वेळाने आपोआप ओरडतो. कमलेश म्हणाला, काकाजी, नुसते हुर्र करा न् भरा. पण मशीनसमोर बसल्यावर मला नुसते हुर्र करवेना. पहिल्यांदाच आपला आवाज कुठेतरी कायमचा राहणार, तर काही तोलामापाचे असावे असे वाटले. चार दिवस खपून मी सहा कडव्यांची कविता केली:

हिरव्या पंखांच्या पाहुण्या, लाल तुझी रे चोच,
धानाच्या या लोंबीवरती नको करू रे टोच.

वृत्त जरा लंगडते, पण चालीत म्हटले की कळत नाही. अडचण अशी झाली की पहिल्या तीन कडव्यांत पोपटाच्या रूपाचे वर्णन, चौथ्यात आकाश, पाचव्यात शेतकऱ्याचे कष्ट, आणि 'आता येथुनी निघा' हे थेट सहाव्यात. तोवर त्यांचे जेवण आटोपायचे. शिवाय चाल गोड असल्यामुळे ते आणखी जवळ येऊन बसू लागले.

मग मी नमलो आणि कमलेशच्या सांगण्याप्रमाणे हुर्र भरले. मध्येमध्ये माझा खोकलाही भरला. (खोकला पोपटांसाठी नव्हता, तुझ्या आजीसाठी होता. खोकला ऐकू आला की माणूस मचाणावर आहे असे ती धरून चालते.) आवारात उभे राहून तपासले: हुर्र ऐकू आले, खोकला ऐकू आला, पास. जुन्या हजेरीपटात हिरव्या पेनाने खूण केली, तू सांगितली होतीस तशीच. आणि गेलो शाळेच्या खिडकीशी. रविवार सोडून असे अकरा दिवस. अकरा हिरव्या खुणा. एवढा सुखाचा पंधरवडा निवृत्तीनंतर गेला नव्हता.

मधल्या काळात पूर्वेकडच्या बांधीतला धान कापला, भारे घरी आले, आणि भोंगा तिथेच कडेच्या धुऱ्यावर राहिला. शेजारच्या हिरालालने वाटेत गाठून विचारले, "काकाजी, धान तं घरी गेला, तुमचा भोंगा कोनाची राखण करून राहिला?" मी हसून वेळ मारून नेली आणि तसाच बांधीकडे वळलो. जाऊन पाहतो तर भोंगा कापलेल्या बुडख्यांवर जिवाच्या आकांताने हुर्र करतो आहे, आणि पश्चिमेच्या बांधीत पोपटांची पंगत बसली आहे. दोघे तर भोंग्याच्याच तोंडावर बसून चोची पुसत होते. तेव्हा मला उमगले, हर्षा, की भोंगा वाजतो की नाही एवढेच मी अकरा दिवस तपासले. पाखरे उडतात की नाही, हे एकदाही नाही.

त्या दिवशी शहाणा झालो असतो तर बरे होते. पण चौथीला नवी कविता लागली होती. भोंगा पश्चिमेला हलवला आणि परत खिडकीशी गेलो.

आता खरी परीक्षा ऐक. तुझी आजी चूल पेटवून परसात आली आणि तिने हाक दिली, चहा आणू का. बांधीतून उत्तर आले, हुर्र. पुन्हा विचारले. खोकला आला आणि पाठोपाठ हुर्र. ती चूल विझवून तडक शाळेकडे निघाली. मी गज धरून उभा होतो, आत पोरे म्हणत होती. ती मागे येऊन उभी राहिली. एक सांगतो, तिने कविता संपू दिली. मग म्हणाली, "अठ्ठेचाळीस वर्षांत तुम्ही चहाले कधी हुर्र नाही म्हटलं. तवाच समजलं का तिथं तुम्ही नाही."

माझ्या अकरा हिरव्या खुणांना जे कळले नाही, ते तिने एका प्रश्नात पकडले. भोंगा वाजतो का, हे तिने विचारलेच नाही. ज्याचे उत्तर माझ्याशिवाय कोणी देऊ शकत नाही तेच विचारले. हे कोणत्या तीन महिन्यांत शिकवतात? आणि ही बाई तुझी आजी आहे. लहानपणी जत्रेतला आकाशपाळणा सुरू होण्याआधी त्याच्या मालकाला 'मधेच लाईन गेली तं काय करता?' हे विचारणारी तू, हे तुझ्या अंगात कुठून आले असे वाटते?

तेव्हा पोरी, राजीनामा लिहू नकोस. जे काम करताना तुला रोज जांभई येते, तेच आधी मशीनला दे. तेवढे हुर्र त्याला करू दे. एकदम सहा कडवी लिहायला बसू नकोस, मी बसलो होतो. ज्याला येते त्याच्या शेजारी खुर्ची ओढ. विचारायला लाजू नकोस, मी कमलेशचे ऐकले असते तर चार दिवस वाचले असते. कोडिंगला भिऊ नकोस. आपल्या शाळेत पोरे आधी कविता पाठ करतात, अर्थ मागाहून कळतो, कधी चाळिशीत कळतो, पण कळतो. धान कापला की भोंगा हलव. आणि हिरवी खूण दिसली की आधी मुद्दाम काहीतरी बिघडवून पाहा. बिघडल्यावरही ती हिरवीच राहिली तर ती खूण नव्हे, माझा खोकला आहे. बाकी प्रश्न विचारायचे काम तुझेच राहील. ते हातचे काम पाण्यात जात नसते.

इथे येऊन राहावेसे वाटले तर अवश्य ये, घर तुझेच आहे. पण सुटीत ये, हरून येऊ नकोस.

तुझा,
आबाजी (धनीराम)

ता. क. पोपटांनी नेमके किती खाल्ले हे तुझ्या आईने विचारले तर 'थोडेसे' म्हण. मीही तेच म्हणतो.

ता. क. आणखी एक. शिक्षण तीन महिन्यांचे आहे म्हणतेस, म्हणजे उन्हाळी धानाला लोंबी येईपर्यंत तू तयार होशील. तेव्हा भोंग्याला एवढेच शिकवून दे की 'चहा आणू का' असे ऐकू आले की त्याने माझ्या आवाजात 'आण, आलं टाकून' म्हणायचे. वरचा सगळा सल्ला मी यासाठी दिला असे समजू नकोस. अगदीच यासाठी नाही असेही समजू नकोस. शाळा एप्रिलपर्यंत भरते.

ता. क. (हे आजीने लिहिले, कागद हातातून घेऊन.) हर्षा बाई, पत्र चिकटवायच्या आधी मी सारं वाचलं. राजीनामा देऊ नको, शिकून घे. तुले नाही येत असं काही नाही, पहिल्या रोटीच्या वक्ती बी तू असंच रडली होती. कालवडीचं नाव आता तूच ठेव. आन् त्या भोंग्याले चहाचं उत्तर खुशाल शिकव. मी चहाचं इचारनारच नाही, दुसरंच काही इचारीन.