घंटी न वाजवणारा प्रोग्राम

दत्ता,

आत्ताच जिंतूरच्या दवाखान्यातून मामींचा फोन आला. आश्रुबामामांची दोन बोटं दुर्बिणीच्या दातेरी चाकांत चेंगरली. मी तिकडं निघाले. दूध तापवून ठेवलंय.

पहाटे मामा चारठाण्याच्या गच्चीवर भिंगावरचं, चाकांवरचं दव पुसत होते, आणि तू इथं परभणीत खुर्चीत बसून, ताऱ्यांचा फोटू काढायला, फोनच्या तारेवरनं कॉम्प्युटरनं दुर्बीण फिरवलीस. वर खुशाल चहा प्यायला गेलास. जुना प्रोग्राम आधी गच्चीवर घंटी वाजवायचा आणि मामांनी बटण दाबेपर्यंत थांबायचा. तुला त्याची लाज वाटायची. "मामाला विचारून चालणारा कॉम्प्युटर कुठं असतो का, ताई?" म्हणून पुण्याच्या मित्राची फ्लॉपी घातलीस. पडद्यावर रंगीत तारे, आणि विचारणं-बिचारणं काही न्हाई. लय देखणा हाय, कबूल. उद्या पोरगी बघायला गेलास तरी असाच भुलशील.

प्रोग्राम बदलल्याचं मित्राला कळवलंस, मला दोनदा मिरवून दाखवलंस. ज्यांचा हात रोज त्या चाकांपाशी असतो, त्यांना तेवढं सांगायचं राहिलं. घंटी वाजली न्हाई म्हणून तर त्यांनी निर्धास्त हात घातला.

जुनी फ्लॉपी घाल, मगच घर सोड. मामींचं मागच्या खेपेला इथं राहिलेलं लुगडं खुंटीवर आहे, ते घेऊन ये.

बोटं शिवताना मामा विचारायलते म्हणे, "दत्ताचा फोटू निघाला का?" घंटी का वाजली न्हाई, ते मी काही सांगणार नाही. तू ये आणि त्यांच्या तोंडाकडं बघून सांग.

ताई