पंपावरचा थांबा

ता. ४ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आई ठीक आहे. तिचे गुडघे कुरकुरतात, पण ती स्वतः त्याहून जास्त कुरकुरते, तेव्हा काळजी नसावी. माझी सकाळचीच पाळी चालू आहे. बसमध्ये तिकिटं फाडत शहराच्या या टोकाहून त्या टोकाला जायचं, आलेल्या वाटेनं परत यायचं. ड्रायव्हरमामा आहेत तसेच आहेत. दिवसभरात चार शब्द बोलले की मी समजते, आज स्वारी खुशीत आहे.

गोळ्यांचं विचारलंस. दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टरांनी प्रेशर मोजलं आणि विचारलं, अंगातलं पाणी उतरवायची गोळी रोज सकाळी घेता ना. मी हो म्हटलं. मग प्रेशर उतरत का नाही, म्हणाले. कुणास ठाऊक, म्हटलं. तेवढ्यात पुढच्या बाईला हाक गेली. आता तुझ्यापासून काय लपवायचं, कधी कधी विसरते. लगेच डोळे वटारू नकोस. पायांना थोडी सूज असते, पण दिवसभर उभं राहणाऱ्या कोणाच्या पायांना नसते?

नोकरीत कायम झाल्याचं पत्र यंदा निघेल असं ऐकते. तोवर डेपोत दुखण्याचा बोभाटा नको.

भावोजींना नमस्कार. भाडेवाढ झाली तरी चालेल, मायेत कपात नको.

तुझी,
चिमी

ता. १३ फेब्रुवारी

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

विसरतेस? भरल्या गाडीत कोणी तिकीट काढलं नाही ते तुला पाठमोरं कळतं, आणि एवढीशी गोळी विसरतेस? ही थाप दुसऱ्या कोणाला मार.

आईनं मला चार ओळी लिहिल्या आहेत. गेल्या महिन्याच्या शेवटी गाडीच्या पायरीवर तुला भोवळ आली आणि मामांनी धरलं म्हणून डोकं फुटायचं वाचलं. हे तू तुझ्या पत्रात कोणत्या ओळीत लिहिलंस, मला सापडलं नाही. फळीवरचं गोळ्यांचं पाकीट जवळजवळ भरलेलंच आहे, हेही आईनं कळवलंय. चिमे, आपले बाबा याच दुखण्यानं गेले. रेल्वेच्या फाटकावर ड्यूटी करता करता बसले ते उठलेच नाहीत. त्यांनाही दुखणं अंगावर काढायची भारी हौस होती.

शाळेच्या गणवेशांचं काम परवा हातावेगळं होतंय. शिलाई मशीन झाकून मी तिकडे येते. आले की सकाळपासून तुझ्या गाडीत बसणार आहे, गोळी माझ्या समोर घ्यायची. तिकीट काढीन, फुकट बसणार नाही.

रागावले आहे, तरी जीव तुझ्यापाशीच आहे हे जाणून असावे.

तुझी,
ताई

ता. २७ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू गेलीस आणि खोली एकदम मोठी वाटायला लागली. आई दोनदा तुझ्यासाठी चहा टाकून बसली.

तू खिडकीपाशी पहारेकऱ्यासारखी बसली होतीस ना, ते डोळ्यांपुढून जात नाही. पहिली फेरी होईपर्यंत तू माझ्याकडे टक लावून बघत होतीस. दुसऱ्या फेरीला तुझं बघणं बंद झालं, तू पदर मुठीत धरून बसलीस. आणि पेट्रोल पंप दिसल्यावर उठून थेट मामांपाशी गेलीस. त्यांनी काही न विचारता गाडी बाजूला घेतली. तू परत आलीस तेव्हा गोळीबद्दल एक अक्षर काढलं नाहीस. मला हसूही आलं आणि रडूही.

तेव्हा बोलले नाही, आता लिहिते. शेवटच्या थांब्यावर बायकांच्या संडासाला कुलूप आहे आणि किल्ली कोणाकडे, ते कोणालाच माहीत नाही. गोळी घेतली की तासाभरात पळावं लागतं. पळू कुठे? म्हणून सुट्टीच्या दिवशीच घेते, बाकीचे दिवस पाणीसुद्धा घोटभरच पिते. संध्याकाळी घेऊन पाहिली, तर रात्रभर जिना चढ-उतर. सगळ्या मजल्यांना मिळून खाली एक संडास. दुसऱ्या दिवशी सुटे पैसे देताना उभ्या उभ्या पेंगले.

डॉक्टरांपुढे सांगायचं तर पाठीशी रांग उभी असते, बायाबाप्ये सगळे कान देऊन. जीभच उचलत नाही. डेपोत एकीनं विषय काढला, तर वरच्यांनी तिला ऐकवलं की बायकांना झेपत नाही तर याव्यात कशाला.

जाताना तू मामांशी बोलते म्हणालीस. ताई, माझी शपथ आहे, बोलू नकोस. लाजेनं मरेन मी.

रागावलीस तरी चालेल, पण पत्र धाडायचं थांबवू नकोस.

तुझी,
चिमी

ता. ५ मार्च

रा. रा. ड्रायव्हरमामा यांस,
सा. न. वि. वि.

मी तुमच्या गाडीच्या कंडक्टरणीची थोरली बहीण. मागे पंपापाशी गाडी उभी करायला लावली ती मीच. माझ्या धाकटीनं मला तुमच्याशी बोलायचं नाही अशी शपथ घातली आहे. लिहायचं नाही असं काही ती म्हणाली नाही.

तिला प्रेशरचा त्रास आहे. त्यावरची गोळी घेतली की बाईमाणसाला मध्ये एकदा गाडीतून उतरावं लागतं. ती उतरत नाही, म्हणून गोळी घेत नाही. तुम्ही तिला पायरीवर सावरलंत, त्याचं मूळ यात आहे. तुम्ही वडीलधारे आहात, अधिक लिहायला मलाही संकोच वाटतो. जमेल ते करावे. नाही जमलं तरी त्या दिवशीचे उपकार विसरणार नाही.

आपली,
थोरली बहीण

ता. ११ मार्च

सौ. ताई यांस,
स. न. वि. वि.

पत्र पोचले. गाडीचे मागचे डावे चाक मला बरेच दिवस बरे वाटत नाही. दर फेरीला पंपावर थांबून हवा तपासावी लागेल. पंपवाल्याची बायको तिथेच असते, दाराची किल्ली तिच्याकडे असते. तिला सांगून ठेवले आहे.

कळावे.

ड्रायव्हर

ता. २२ एप्रिल

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू बोलली नाहीस म्हणतेस, मामाही काही बोलत नाहीत. पण महिना झाला, दर फेरीला ते पंपावर उतरतात, एक चाक ठोकतात आणि आभाळाकडे बघत उभे राहतात. पंपवाल्याची बायको लांबूनच मला किल्ली दाखवते. आता रोज गोळी घेते. या वेळी डॉक्टरांनाही सगळं सांगितलं, रांगेला ऐकायचं तर ऐकू दे म्हटलं. त्यांनी लिहिता लिहिता हात थांबवून ऐकलं आणि गोळी कधी घेतली तर पंपाची वेळ गाठते, ते माझ्याबरोबर बसून ठरवलं. प्रेशर उतरलंय. घोट्याची हाडं दिसायला लागली, आईनं हात लावून खात्री करून घेतली.

काल मात्र काळजाचं पाणी झालं. मी आत असताना पंपावर तपासनीस आले. बाहेर येते तो ते मामांना विचारताहेत, रोज उशीर का, आणि कंडक्टर कुठे आहे. मी भिंतीआडच थिजले. आता माझं कायम होणं राहू दे, मामांची नोकरी जाते असं वाटलं. मामांनी चाकाकडे बोट दाखवलं. साहेब म्हणाले, चाक तर धडधाकट दिसतंय. त्यावर खिडकीतून एका आजीनं सांगितलं की आत्ता हवा भरली म्हणून, मघाशी पार बसलं होतं. शाळेतल्या बाई म्हणाल्या, त्यांनी स्वतः डोळ्यांनी पाहिलं. रोज डुलक्या काढणारा गवंडी उठून म्हणाला की त्या चाकाच्या हादऱ्यानं त्याला झोप लागत नाही. मग सगळी गाडीच त्या चाकाबद्दल बोलायला लागली.

साहेबांनी वाकून चाक चाचपलं. उठताना त्यांना मी दिसले, माझ्या मागचं दारही दिसलं. मग मामांना म्हणाले, चाक जुनं आहे, जपायला हवं, थांबत जा. आणि आपल्या वाटेनं गेले.

मी गाडीत चढले. ताई, झाडून सगळी माणसं पलीकडच्या बाजूच्या खिडक्यांतून बाहेर बघत होती. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, नुसती भिंत होती. गाडी सोडायला मला दोनदा घंटी मारायची असते, माझा हातच वर जाईना. आजीनं पुढे होऊन दोरी ओढली.

सगळ्यांचा लोभ आहेच, तुझा त्यात पहिला असावा.

तुझी,
चिमी