तेविसावा झरा

लोणावळा,
१२ एप्रिल १९६७

ती. रखमाजीमामांस,
विठाचा नमस्कार.

मी इकडे बरी आहे. मामींचा गुडघा आता कसा आहे ते कळवावे. मागे तळेगावच्या डॉक्टरांनी दिलेले तेल संपले असेल तर पुण्याहून पाठवीन.

अक्षर मुद्दाम मोठे काढले आहे. पत्र तुम्ही स्वतः वाचावे, शेजारच्या कुणाकडून वाचून घेऊ नये, एवढी विनंती.

तीन वर्षांत मी तुम्हाला लिहिले नाही. कॉलेजात आता मी पाणी आणि जंगल यांच्या धोरणाचा विषय शिकवते. आठवड्याला अकरा तास. वर्गात बत्तीस मुलगे आणि दोन मुली आहेत. पाणी कुणाचे, कोणत्या नियमाने ते कुणाला मिळते, असे सगळे त्यात येते. नोकरी अजून कायम नाही. जुलैत होईल असे आमचे विभागप्रमुख म्हणतात. सुट्टीपुरती लोणावळ्याला खोली घेतली आहे. जेवणाची सोय ठीक आहे.

चौसष्टच्या मे महिन्यात मावळातले एकेचाळीस झरे मोजले, त्याचे पुस्तक झाले. विभागप्रमुखांचे नाव वर आहे, माझे खाली. कोणता झरा बारमाही आणि कोणता हंगामी, हे सरकारचे पाटबंधारे खाते आता त्यातल्या तक्त्यावरून ठरवते. उन्हाळ्यात वाहतो तो बारमाही, आणि त्यावर वापरणाऱ्यांचा हक्क राहतो. आटतो तो हंगामी. तो खात्याला दुसऱ्या कुणाला देता येतो.

तेविसावा झरा शिदोबाच्या वाडीचा. तो हंगामी ठरला आणि गेल्या वर्षी पठारावर बांधलेल्या नव्या आरोग्यभवनाला नळाने दिला गेला. वाडीने तो परत मागितला आहे. अर्जावर वाडीतल्या म्हाताऱ्या नवसूबाबांचा अंगठा आणि त्यांच्या मुलाची, शिदूची, सही आहे. खात्याने माझा अभिप्राय मागवला आहे. तपशिलात थोडी चूक राहिली असावी असे वाटते. तुम्ही त्या दिवशी बरोबर होता. आपण तिथे कोणत्या तारखेला गेलो, हे आठवत असल्यास कळवावे. घाई नाही.

आंब्याला यंदा मोहर कसा होता?

आपली,
विठा


लोणावळा,
२१ मे १९६७

ती. मामांस,
विठाचा नमस्कार.

तुमचे कार्ड पोचले. "तारीक तुज्या वहीत आसंल. तू इचारतीस ती गोस्ट तारीक न्हाई. मामीचा गुडगा तसाच." एवढ्या तीन ओळी मी बऱ्याच वेळा वाचल्या.

तारीख माझ्या वहीत आहेच. सोमवार, ११ मे १९६४, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. चैत्री अमावास्या. दुसरे काही विचारायचे धैर्य नव्हते म्हणून मी तारीख विचारली.

त्या दिवसाचे सगळे तुम्हाला ठाऊक आहे. तरी क्रमाने लिहिते, कारण मी ते कुठेच लिहिलेले नाही. म्हणजे एकदा लिहिले होते. त्याविषयी पुढे.

मुलीने डोंगरात एकटीने फिरू नये म्हणून तुम्ही नांगरटीची कामे सोडून माझ्याबरोबर आला होता. धार मोजायचा खाचेचा पत्रा तुमच्या खांद्यावर होता, बादली आणि स्टॉपवॉच माझ्याकडे. झऱ्याच्या कुंडात नुसती ओल होती. धार नव्हती. पाण्यावर एकही बाई नव्हती. नवसूबाबा उंबराखाली बसले होते. तुम्ही म्हणालात, "आबा, भाची हाय माजी. पानी मोजतीया."

ते हसले. "मोजल्यानं वाढतंय व्हय? मग आमची भाकर बी मोजून जा."

मग त्यांनी सांगितले, "आज न्हाई गावायचं. आजचं पानी रानाचं. वर मातीचा बांद घालून पल्याडच्या खोऱ्यात सोडलंय. चैती आवसंला आमी थेंब घेत न्हाई, जनावरं पित्यात. उद्या उजाडता बांद फोडू. उद्या या, मोजा मनासारकं."

"थांब की एक दीस," तुम्ही म्हणालात. "हितंच पडवीत पडू. लय काय बिघडतंय?"

"नऊ दिवसांत एकेचाळीस झरे आहेत, मामा. प्रत्येकाच्या देवधर्मासाठी थांबले तर पावसाळा लागेल."

"मग वर जाऊन बांद तरी बग."

बांधापर्यंत जायला वीस मिनिटे लागली असती. मी गेले नाही. कुंडाची लांबी-रुंदी घेतली, नकाशा काढला, आणि आपण उतरलो.

लोणावळ्याच्या फलाटावर तुम्ही विचारलेत, "वहीत काय लिवलंस?"

"शून्य."

"आन् म्हाताऱ्यानं सांगितलं त्ये?"

"ते वहीत लिहीत नाहीत. तुम्हाला त्यातलं कळत नाही, मामा. तुम्ही पत्रा सांभाळा."

तुम्ही पत्रा बाकावर ठेवलात आणि तळेगावच्या पॅसेंजरमध्ये जाऊन बसलात. पुढचे अठरा झरे मी तो पत्रा स्वतः वाहिला.

आता जे तुम्हाला ठाऊक नाही ते. तुमची गाडी गेल्यावर त्याच बाकावर बसून मी वहीतल्या शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीने लिहिले : 'पाणी वाडीच्या रूढीप्रमाणे एक दिवस रानाकडे वळवलेले. पुन्हा मोजावे.' म्हणजे मला कळले होते. जूनमध्ये तक्त्याची पक्की प्रत करायला बसले तेव्हा मी ते रबराने खोडले. कागद त्या जागी अजून खरखरीत आहे.

का खोडले, याचे उत्तर मी स्वतःलाही नीट दिलेले नव्हते. त्याच्या आदल्या वर्षी एका चर्चेत मी इंद्रायणीच्या पुराचा तुम्ही सांगितलेला एक ठोकताळा आपल्या इंदुरी गावाचे नाव घेऊन मांडला होता. एक गृहस्थ म्हणाले, "इंदुरीच्या वेधशाळेचा अंदाज दिसतो." सगळे हसले. मीही हसले. तेव्हापासून माझ्या कागदांना गावाचा वास येणार नाही याची मी काळजी घेत आले. 'रानाचे पाणी' असे तक्त्यात गेले असते तर पुन्हा हसले असते. शून्याला कुणी हसत नाही.

आणि फलाटावर आमच्या कॉलेजचे एक प्राध्यापक उभे होते. तुमच्या धोतराला कुंडातला चिखल लागला होता. मी तुमची ओळख करून दिली नाही. "पत्रा सांभाळा" हे वाक्य मी त्यांना ऐकू जावे इतक्या मोठ्याने बोलले, म्हणजे तुम्ही हमाल वाटावेत. हे तुम्ही ओळखले असेल. मी मात्र आज पहिल्यांदा लिहिते आहे.

गेल्या रविवारी, १४ मेला, मी वाडीवर गेले. आरोग्यभवनाच्या टाकीत नळ पडतो तिथे तीन वेळा मोजले. सरासरी मिनिटाला साडेसतरा लिटर. ऐन उन्हाळ्यात. टाकीवरून सांडणारे पाणी गुलाबांच्या वाफ्यात जात होते.

वाडीत अकरा घरे होती. सात घरांना कड्या आहेत. माणसे देहूरोडला लष्कराच्या डेपोत ओझी उचलायला गेली आहेत. शिदूही तिकडेच असतो. नवसूबाबांच्या पत्नी सारजाबाई खालच्या ओढ्यावरून पाणी आणतात. जाऊन येऊन एक तास दहा मिनिटे, मी त्यांच्याबरोबर चालले. हंड्यात पंधरा लिटर मावते. त्यांनी मला लगेच ओळखले. म्हणाल्या, "तवा उद्याच्याला आली न्हाईस." मग त्याच हंड्यातले तांब्याभर पाणी त्यांनी पुढे केले. घेऊ नये असे वाटले. नाही म्हणणे त्याहून वाईट दिसले असते. प्याले.

विभागप्रमुखांना मी सगळे सांगितले. ते रागावले नाहीत. "एक आकडा चुकला म्हणालीस, की उरलेल्या चाळीसांवर कोण विश्वास ठेवील?" हा प्रश्न चुकीचा नाही. पुढे म्हणाले, "यंदाचे साडेसतरा हे यंदाचे. चौसष्टचे शून्य चौसष्टचे. झरे बदलतात. आणि खोडलेली ओळ हा पुरावा नव्हे." नोकरीविषयी ते काही बोलले नाहीत. बोलण्याची गरजही नव्हती.

अर्जाची सुनावणी सोमवारी, २६ जूनला सकाळी अकरा वाजता वडगावला आहे. मी माझे म्हणणे लेखी देणार आहे. पण वाडीची माणसे अर्जदार आहेत. त्यांच्या बोलण्याला ती स्वतःच्या फायद्याचे बोलतात असे म्हटले जाईल. वाडीचा नसलेला आणि त्या दिवशी तिथे हजर असलेला माणूस एकच आहे. तुम्ही यावे. ऐकले ते सगळे सांगावे. मी काय म्हणाले तेही सांगावे. माझ्याकडे बघून काही गाळू नये.

तुमची,
विठा


पुणे,
२ जुलै १९६७

ती. मामांस,
विठाचा नमस्कार.

तुम्ही आलात. मी दाराशी उभी होते. तुम्ही माझ्याजवळून आत गेलात आणि नवसूबाबांशेजारी बसलात.

त्या खोलीत जे झाले ते तुम्ही ऐकलेच आहे. तरी एक गोष्ट मला पुन्हा लिहिल्याशिवाय राहवत नाही. अधिकाऱ्यांनी शिक्षण विचारले तेव्हा तुम्ही म्हणालात, "चवथी. पन मातीचा बांद वळकाया चवथी बी लागत न्हाई."

"म्हणजे बांध तुम्ही पाहिलात?"

"पायला तर. ही खाली कुंडाचा नकाशा काडत व्हती, तवर वर जाऊन आलो. कमरंएवडा बांद, आन् पल्याड मनगटाएवडी धार. जनावरांची पावलं बी व्हती वल्या मातीत."

तीन वर्षे मला वाटत होते की तुम्ही फक्त ऐकले होते. त्या दिवशी तुम्हाला दम लागलेला मी पाहिला होता. वयामुळे असेल असे समजले.

"मग भाचीला का नाही सांगितलंत?"

"सांगनारच व्हतो, सायेब. टेशनावर इशय काडला बी. म्हनली, तुमाला त्यातलं कळत न्हाई. म्या म्हनलं आसंल, शिकल्याली हाय."

खोलीत हशा झाला. कारकूनसुद्धा हसले. तुम्ही हसला नाहीत. अधिकाऱ्यांनी मला विचारले, हे खरे आहे का. मी खरे आहे असे सांगितले, आणि त्यांनी ते लिहून घेतले.

निकाल काल हातात आला. झरा यापुढे बारमाही धरावा असे त्यात आहे. पण आरोग्यभवनाला दिलेला परवाना दहा वर्षांचा आहे, आणि तो चुकीच्या माहितीवर असला तरी रीतसर दिलेला आहे. म्हणून १९७६ पर्यंत नळ तसाच राहील. वाडीसाठी कुंपणाबाहेर एक तोटी बसवतील. सकाळी एक तास पाणी. शिदूने सही केली. तो दुसरे काय करणार?

सुनावणीच्या दिवशी तुम्ही बाहेर गेल्यावर नवसूबाबा थोडे मागे राहिले होते. त्यांनी अधिकाऱ्यांना विचारले, "आन् रानाचा दीस?" अधिकाऱ्यांनी कारकुनाकडे पाहिले. कारकुनाने कागद चाळले. त्याबद्दल अर्जात काही मागितलेले नाही, असे तो म्हणाला. ते खरे होते. अर्ज लिहून देणाऱ्यालाही ते मागण्यासारखे वाटले नसावे. गेल्या वर्षीपासून त्या खोऱ्यात चैती अमावास्येला पाणी गेलेले नाही.

माझी नोकरी कायम झाली नाही. एक वर्ष पुढे ढकलली आहे. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते आहे आणि तेविसावा झरा त्यातून काढायचे ठरले. मी म्हटले, शून्य राहू द्या. खाली नवसूबाबांचे नाव घालून त्यांनी सांगितलेले छापा, आणि मी ते खोडले होते हेही छापा. तसे करता येत नाही म्हणाले. मग माझे नाव काढा म्हटले. ते मात्र लगेच मान्य झाले. पुस्तकात आता चाळीस झरे असतील.

त्या दिवशी कचेरीसमोरच्या हॉटेलात तुम्ही आणि नवसूबाबा एका कपातला चहा बशीत ओतून वाटून घेत होता. मी रस्त्याच्या अलीकडे होते. तुम्ही मला पाहिलेत. बोलावले नाहीत. मीही आले नाही. तुमच्या दोघांच्या मध्ये बसायला जागा मागण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते.

मामींसाठी तेलाच्या दोन बाटल्या पार्सलने पाठवल्या आहेत. सकाळी आणि निजताना कोमट करून लावावे, जोराने चोळू नये.

क्षमा मागायला हे पत्र नाही. तुम्ही ती दिलीत तरी नळ आणखी नऊ वर्षे तिथेच राहणार, आणि नऊ वर्षांनी नवसूबाबा असतील असे मला वाटत नाही.

तुम्ही असावे.

विठा