एकोणीस सेकंदांची भाकर

गाणगापूर,
बुधवार, दुपार

प्रिय विजयश्री,

अनेक उत्तम आशीर्वाद. ते पोचले असे गृहीत धरून पुढे जातो, कारण आज विस्तारास अवकाश नाही. हे वाक्य माझ्या लेखणीतून उतरावे याचे तुला आश्चर्य वाटेल, हे मी जाणतो. सकाळी फोनवर मी एवढेच म्हणालो की उद्या घरीच राहा, कामावर जाऊ नकोस. तू विचारलेस, "कामून अप्पा? तब्येत बरी हाय ना?" मी उत्तरलो, देह सुस्थितीत आहे. ते सत्य होते. उरलेले सत्य फोनवर सांगण्यासारखे नव्हते. फोनवर मी दोन वाक्यांनंतर विनोद करतो, तू हसतेस, आणि मूळ गोष्ट कोठे गेली ते दोघांनाही कळत नाही. म्हणून हा कागद. विजू, मी भयग्रस्त आहे. तत्सम शब्द योजला की भीती चार पावले दूर उभी राहते, असा माझा आजवरचा अनुभव होता. आज ती हललेली नाही.

श्रावणात तू पुण्याहून आलीस आणि आपल्या कडक भाकरीच्या व शेंगाचटणीच्या दुकानाची प्रकृती तपासून निदान केलेस: "अप्पा, गिऱ्हाईक आता आधी फोनमधे दुकान बघतंय, मग पायानं येतंय. तुमी रील टाका." जाताना तू नियमांचा एक कागद लिहून दिलास आणि मी तो गल्ल्यामागच्या भिंतीवर धर्मशासनासारखा चिकटवला. फोन उभा धरावा. वीस सेकंदांच्या आत आटोपावे. पहिल्या तीन सेकंदांत माणूस थांबला पाहिजे. प्रत्येक कमेंटला तासाभरात उत्तर द्यावे. विचारणाऱ्याला पत्ता आणि वेळ अवश्य सांगावी. मी हे नियम पाळले, विजू. पहिले तीन मला आरंभी जमले नाहीत, शेवटचे दोन मात्र अक्षरशः पाळले.

माझा प्रथम चलच्चित्रप्रयोग तुला आठवत असेलच. एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद. त्यांतली पहिली पन्नास भीमा-अमरजा संगमाच्या पावित्र्यवर्णनात खर्ची पडली आणि भाकरीचा उल्लेख येण्यापूर्वीच मला ठसका लागला. चाळीस लग्नांत आणि दोन आमदारांच्या सत्कारांत ध्वनिक्षेपक गाजवलेला मी, त्या फोनच्या काळ्या ठिपक्यासमोर पाठ न झालेल्या विद्यार्थ्यासारखा उभा होतो. एकूण अकरा जणांनी तो पाहिला. सात नातेवाईक होते, उरलेल्या चार वेळा मीच होतो. तुझी आई म्हणाली, "भाकर इकायलाव का भाषण?" आणि तू फोनवर म्हणालीस, "अप्पा, तुमी बोलू नगा. हात दाखवा. भाकर थापायचा आवाज ऐकवा. त्योच आपला हुक, त्यावरच मानूस थांबतंय." ही कल्पना तुझी होती, परंतु पुढे जे घडले त्यात तुझा दोष नाही. हे आताच लिहून ठेवतो, कारण पुढे लिहायला हात धजेल की नाही, शंका आहे.

हात अंबिकाचे होते. तू तिला दोन सणांत ओझरते पाहिलेस, म्हणून ती आपल्याकडे कशी आली ते सांगतो. आपल्या गावी मध्यान्ही प्रत्यक्ष महाराज कोणत्या वेषात माधुकरीला येतील हे कुणालाच ठाऊक नसल्याने दुपारी दारातून कोणाला रिकामे पाठवत नाहीत, नाव-गावही विचारत नाहीत. दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात ती अशीच पदर पसरून आपल्या दारी उभी राहिली. तीन दिवस आली. चौथ्या दिवशी तुझी आई म्हणाली, "रोज मागून खाण्यापरीस ये की काथवटीपाशी, बस." ती बसली. पहिल्याच दिवशी तिने तुझ्या आईच्या दुप्पट भाकरी थापल्या, आणि तुझ्या आईने ही गोष्ट माझ्यासमोर मान्य केली, यावरून त्या भाकरी कशा असतील ते ओळख. ती चिंताकी गावाकडची, नवऱ्याचे घर सोडून आलेली, एवढे मला ठाऊक होते. अधिक तुझ्या आईला ठाऊक होते. मी विचारले नाही. गावाची रीत म्हणून विचारले नाही असे मी स्वतःला सांगत असे. खरे तर दुःखवृत्तांत ऐकला की मला उत्तर सुचत नाही, आणि ज्या ठिकाणी उत्तर सुचत नाही तेथून मी सभ्यपणे पळ काढतो.

चित्रीकरणापूर्वी तिने एकच अट घातली. "अण्णा, हात घ्या. त्वांड न्हाई. नावबी न्हाई." मी गांभीर्याने अभिवचन दिले आणि ते पाळलेही. एकोणीस सेकंद: काथवट, पीठ, दोन हात. केवळ अखेरीस, तुझी आज्ञा मोडून, मी पडद्याआडून एक वाक्य घातले. मला त्याचा फार अभिमान होता. ते असे: "रसिकहो, ऐका ही विषम लय! एक थाप गुरु, एक थाप लघु, आणि मग परिभ्रमण!" कारण तिच्या थापण्याचा नादच तसा आहे. उजव्या हाताची थाप भरीव पडते, डाव्याची हलकी, अर्धवट, जणू ओठावर येऊन थांबलेला शब्द. दोन वर्षे तो नाद मी गल्ल्यावर बसून ऐकत होतो आणि त्याला वृत्त समजत होतो.

नऊ दिवसांत तो व्हिडिओ सव्वादोन लाख जणांनी पाहिला. लातूर, उदगीर, सोलापूर, थेट दुबईतला एक कमलनगरकर! मी, जो आयुष्यभर टाळ्यांसाठी इतरांची नावे पुकारत आलो, अचानक स्वतः लोकविश्रुत झालो. रोज दुपारी काम आटोपले की मी ओट्यावर बसून निवडक कमेंट अंबिकाला आणि तुझ्या आईला मोठ्याने वाचून दाखवत असे. अंबिका खाली मान घालून हसायची. दोन वर्षांत ती प्रथमच हसताना दिसत होती, आणि त्याचे श्रेय मी, अर्थातच, माझ्या वाचनाला दिले.

रविवारी एक कमेंट आली. नावाजागी धनराज, चित्राजागी ट्रॅक्टर. लिहिले होते, "ह्या हातची भाकर मी अकरा वर्षं खाल्ली. दुकान कुठं हाय?" विजू, मी हर्षभरित झालो. अकरा वर्षे! मला ती अतिशयोक्ती अलंकाराची लोभस छटा वाटली. खात्याला मी 'अन्नब्रह्म' हे नाव दिले होते आणि खाली पत्त्याऐवजी स्वरचित श्लोक घातला होता, त्यामुळे आपले गाव त्या खात्यावर कोठेच नव्हते. ते मी त्याला दिले. उत्तर पाठ आहे, लिहितो: "आपल्यासारख्या मर्मज्ञाच्या पदस्पर्शाने आमची वास्तू पुनीत व्हावी. श्रीक्षेत्र गाणगापूर, मंदिर रस्ता, धर्मशाळेसमोर. सदर सुगरण प्रतिदिनी आठ ते एक उपस्थित असतात. अवश्य यावे, प्रतीक्षेत आहोत." आणि त्याची कमेंट सर्वांच्या वर खिळवून ठेवली, येणाऱ्या-जाणाऱ्याने प्रथम तीच वाचावी म्हणून.

सोमवारी मला काम आटोपेपर्यंत धीर निघाला नाही; दुपारी ते चालू असतानाच मी ती वाचून दाखवली. तिचे हात पिठातच थांबले. ती म्हणाली, "अण्णा, परत वाचा." मी वाचली, या खेपेस अधिक अभिनयपूर्वक. तिने विचारले, "नाव काय लिव्हलंय?" मी सांगितले. ती पिठाकडे पाहत म्हणाली, "अकराच वर्षं व्हती." मग उठली, हात धुतले, आणि मागच्या खोलीत जाऊन दाराला कडी घातली. दिवसाढवळ्या, भर कामात. मी तुझ्या आईकडे पाहिले. तिने मला जे सांगितले ते तिच्याच शब्दांत लिहितो, माझ्या शब्दांत मावणार नाही. "डावा हात त्यानंच मोडला तिचा. उंबऱ्यावर ठिवून. भाकर करपली म्हनून. कुनी दवाखान्यात न्हेलं न्हाई, तसाच जुळला. म्हनून थाप हलकी पडतीय. ह्या हाताचा आवाज त्यो झोपेतबी वळखंल. आन तुमी त्याला येळबी सांगितली व्हय?"

त्या थापेला मी लघु म्हटले होते.

आता मी ते लिहितो ज्यासाठी गेली दोन पाने मी आढेवेढे घेत आहे. तुझी आई म्हणाली, "आत्ताच्या आत्ता काढून टाका त्ये." मी म्हणालो, विचार करू. धनराज नावाचे शेकडो पुरुष असतील. घाईने घेतलेला निर्णय अविवेकी ठरतो. मी आणखी बरेच म्हणालो, सर्व सुसंगत. परंतु मी फोन हातात घेतला तेव्हा मला आकडा दिसत होता. तीन लाखांना अगदी थोडके उरले होते. उद्या सकाळपर्यंत, असे मी मनाशी म्हणालो. केवळ तीन लाख होऊ देत. सोमवारी दुपारी मला कळले, आणि मंगळवारी दुपारी मी तो व्हिडिओ काढून टाकला. मधला एक दिवस माझा आहे. त्याला कोणताही तत्सम शब्द नाही.

त्या दिवसानेच सारे घडवले. मंगळवारी सकाळी त्याचा निरोप आला, उघड नव्हे, आतल्या पेटीत: "दोन दिस फोन बंद व्हता. तुमचं उत्तर आत्ता बघितलं. गुरुवारी यायलोय. बाईला सांगू नका, अचानक भेटायचंय." शेवटी हात जोडल्याचे चित्र. सोमवारी मी तो व्हिडिओ काढून टाकला असता, तर माझे उत्तरही त्यासोबत गेले असते आणि आपल्या गावाचे नाव त्याने कधीच वाचले नसते. दुपारी तो निरोप वाचल्यावरही, विजू, मी आधी आकडा पाहिला. तीन लाख चार हजार. मग काढला. तोवर उदगीरच्या कुणी तो उचलून, त्याला गाणे जोडून, स्वतःच्या खात्यावर चढवलाही होता. मी त्याला लिहिले, काढा. त्याने हसणारी तीन तोंडे पाठवली.

काल सायंकाळी चौकीवर जाऊन आलो. तेथल्या भल्या माणसाने विचारले की त्याने धमकी दिली आहे काय. मी निरोप दाखवला. त्याने तो दोनदा वाचला आणि म्हणाला, "मालक, ह्यात तर भाकरीची तारीफ हाय. आल्यावर काई केलं तर फोन करा." त्याचेही चूक नाही. आज सकाळपासून रस्त्याने जाणारा प्रत्येक पुरुष मी न्याहाळतो आहे. त्याचा चेहरा मी पाहिलेला नाही. मला केवळ एक ट्रॅक्टर ठाऊक आहे. उद्या गुरुवार, सहस्रावधी लोक येतील, आणि दुपारी झोळी घेऊन कोणीही दारात उभा राहिला तरी त्याला कोण म्हणून विचारायचे नाही, असे हे आपले गाव. आज बाराच्या सुमारास एक जण उभा होता, दाढीचा, पन्नाशीचा. तुझी आई भाकर घेऊन पुढे झाली आणि उंबऱ्याच्या आतूनच, हात लांबवून तिने ती दिली. तुझ्या आईने! त्याने आशीर्वाद दिला आणि गेला. मी गल्ल्यामागे उभा होतो.

दुकान उद्या उघडावेच लागेल. दाराला कुलूप दिसले तर तो तत्काळ शेजारी विचारील, जीपवाल्यांना विचारील, आणि कुणीतरी सहजच स्टेशनचे नाव घेईल. म्हणून आठ वाजता मी गल्ल्यावर असेन. तो आला की मी त्याचे स्वागत करीन, चहा मागवीन, संगमाचे माहात्म्य सांगेन. पन्नास सेकंद पुरणार नाहीत, दोन तास बोलावे लागेल. काथवटीपाशी तुझी आई बसणार आहे. मी नको म्हणालो. ती म्हणाली, "मंग कोन बसल? तुमी?" तिच्या दोन्ही थापा सारख्या पडतात, विजू. त्याला दारातच कळेल. त्यानंतर काय होईल ते मला माहीत नाही, आणि आयुष्यात प्रथमच मला त्यावर काही बोलायचेही नाही.

आता हे पत्र कशासाठी, ते. ज्या बाईने ते तुझ्या हातात दिले ती अंबिकाच आहे. तुझी आई तिला जीपने स्टेशनवर पोचवून गाडीत बसवील, आणि हे तू वाचशील तेव्हा ती तुझ्या दारात उभी असेल. आधी तिला आत घे, कडी लाव, पाणी दे. तुझी ती वकील मैत्रीण आहे, तिला आजच बोलाव. हे सारे फोनवरही सांगता आले असते, तू केलेही असतेस. पत्र त्यासाठी नाही. अंबिका वाचू शकत नाही. तिला वाटते की अण्णांना जसे कळले तसे अण्णांनी काढून टाकले. मघाशी बोचके बांधून झाल्यावर ती मला वाकून नमस्कार करू लागली आणि मी पाय मागे घेऊ शकलो नाही, तिला खरे सांगूही शकलो नाही, कारण मी तिच्यासमोर उभा होतो आणि मला भीती वाटली. त्याच्यापेक्षाही तिची. म्हणून, बाळ, आता तिला समोर बसव आणि हे पत्र पहिल्या ओळीपासून तिला मोठ्याने वाचून दाखव. अवघड शब्द येतील तेथे थांबून सोपे करून सांग. सोमवार दुपार ते मंगळवार दुपार हा भाग गाळू नकोस. त्यावर ती काय म्हणते ते मला कळवू नकोस, ती स्वतः कळव म्हणाली तरच कळव.

तुझाच,
अप्पा