काचेआडची माफी

सोमवार, ३ मार्च

आधी सगळ्यांच्या तब्येती, मग बाकीचं. हा माझा शिरस्ता. सौ.चा गुडघा बरा, फक्त जिना उतरताना कुरकुरतो. चिरंजीव (परगावी) : सर्दी, असं फोनवरच्या आवाजावरून वाटतं. सूनबाईची पाठ धरली होती, ती सुटली. नातीचा पुढचा दात हलतोय, न जेवायला तेवढीच सबब. गाडी : बॅटरी नवी, क्लच जरा हट्टी. मी : ठणठणीत.

आज एक किरकोळ घटना. सौ.ला घेऊन भाजीला निघालो. गल्लीतून मेन रोडवर येण्यापूर्वी हॉर्न दिला. हॉर्न दिला म्हणजे आपण सांगून आलो. सांगून येणाऱ्याला कोण अडवतं? पण उजवीकडून एक पांढरा टेम्पो आला आणि त्याने करकचून ब्रेक मारला. दोन गाड्यांत चांगलं हातभर अंतर राहिलं. (सौ. म्हणते वीतभर. असेल, तिची वीत मोठी आहे.)

टेम्पो अंड्यांचा निघाला. माणूस उतरला, मागचं दार उघडून आत बघितलं, काही न बोलता दार लावलं आणि मग माझ्याकडे आला. म्हणाला, ओ आजोबा, डोळे काय चार्जिंगला लावून आलात? आजोबा! केस रंगवून अजून आठवडा झाला नाही.

मी वाद घातला नाही. काच वर केली. रेडिओ लावला. तो काचेपलीकडून बोलत राहिला, मी समोर बघत राहिलो. शांत डोक्याचा माणूस कसा असतो ते त्याला आज बघायला मिळालं. सौ.ने मात्र उगाच त्याला हात जोडले.

घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. दमली असावी.

मंगळवार, ४ मार्च

दमली नव्हती.

सकाळी चहाबरोबर सगळं बाहेर पडलं. म्हणाली, गाडी पुढे घातलीत ते चालतं, माणसाकडून होतं. पण तो बोलत होता आणि तुम्ही त्याच्या तोंडावर काच लावलीत. त्याची निम्मी अंडी फुटली असतील हो! जाऊन माफी मागा. तोवर मी तुमच्या गाडीत पाय ठेवणार नाही.

मी विचारलं, आणि गुरुवारी? म्हणाली, बस आहे की.

हे मात्र फार झालं. दर गुरुवारी मी हिला शहराच्या दुसऱ्या टोकाला हिच्या धाकट्या बहिणीकडे नेतो. त्या अर्ध्या-पाऊण तासात ही मला समस्त नातेवाइकांच्या भानगडी सांगते. घरी सांगत नाही, कारण घरी माझं लक्ष नसतं असं तिचं मत. खरं सांगायचं तर गाडी मी त्या गप्पांसाठीच ठेवली आहे. हे तिला कळू द्यायचं नाही. डोक्यावर बसेल.

संकल्प : माफी मागायची. पण पायी जाऊन नाही. चूक गाडीत झाली, तिचा निकाल गाडीतच लागला पाहिजे. शिवाय तो माणूस उंच आहे. (हे कारण नव्हे, नुसती नोंद.)

बुधवार, ५ मार्च

उपाय सापडला. प्रॉब्लेम काय आहे? काच. काचेतून शब्द जात नाहीत, पण अक्षरं जातात. म्हणून पाटी!

उभं आयुष्य घड्याळं दुरुस्त केली, तीही कुणी न शिकवता. गाडीही मी स्वतःच शिकलो, एक पुस्तक आणि एक मोकळं मैदान एवढ्यावर. तेव्हा पाटी म्हणजे हातचा मळ. जुन्या भिंतीवरच्या घड्याळाची पांढरी तबकडी घेतली, तिला स्वयंपाकघरातलं लाकडी उलथनं दांडा म्हणून ठोकलं. एका बाजूला काळ्या रंगात लिहिलं, ‘चूक माझी’. मग वाटलं, न्याय दोन्हीकडून हवा. रोज काही आपलीच चूक नसते. म्हणून दुसऱ्या बाजूला ‘चूक तुमची’. प्रसंग बघून योग्य ती बाजू दाखवायची. अशी सिस्टिम जगात कुणाकडे असेल असं वाटत नाही.

सौ. दुपारभर उलथनं शोधत होती. मीही शोधायला मदत केली.

गुरुवार, ६ मार्च

अंडीवाला रोज सकाळी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात माल टाकतो. समोर गाडी लावून थांबलो. तो आला. घाई नको म्हणून पाटी आधी हातात धरून नीट वाचली. ‘चूक माझी’. अक्षरं तशीच डोळ्यांसमोर ठेवून काचेपाशी उभी धरली आणि नम्रपणे हसलो.

त्याने बघितलं. आजूबाजूला बघितलं. परत बघितलं. चेहऱ्यावर असे काही रंग आले की मला वाटलं, बिचाऱ्याला गहिवरून आलं. मग त्याने एक लांबलचक हॉर्न वाजवला. दुकानदार बाहेर आला.

पहिल्यांदाच कुणी त्याची माफी मागितली असावी. सवय नाही.

सौ. बसने गेली. घरात भयाण शांतता. रेडिओ ऐकला. त्यात कुणाच्याच सुनेबद्दल काही सांगत नाहीत.

शुक्रवार, ७ मार्च

दुसरा प्रयत्न. आज त्याला पाटी दिसावी म्हणून मी नुसती धरली नाही, बोटाने तिच्यावर टकटक करून त्याच्याकडे बोट केलं. मतलब असा की, ही चूक माझी, आणि मी ती तुमच्यापुढे कबूल करतोय.

तो टेम्पोतून उतरला. मी सावधगिरी म्हणून चारही दारं लॉक केली. तो काचेवर वाकून मोठमोठ्याने बोलू लागला. मी हसून मान डोलावली, परत पाटीवर टकटक, परत त्याच्याकडे बोट. दुकानदाराने मागून त्याची कंबर धरली.

माणसाचा राग किती खोल असतो! जेवढा मी वाकतोय तेवढा हा चढतोय.

सौ.ला सांगितलं, माफी मागतोय, तोच घेत नाही. तिने विचारलं, म्हणजे कशी मागताय? मी म्हणालो, आमच्यातली गोष्ट आहे.

शनिवार, ८ मार्च

चिरंजीवांचा फोन. दुकानदाराने त्याला कळवलं, त्या दोघांची जुनी ओळख. तो म्हणाला, बाबा, भांडणं कसली करताय या वयात? गाडी विकून टाका, रिक्षाने फिरा. मी म्हणालो, मी भांडत नाहीये, मी माफी मागतोय. तो म्हणाला, तिकडे लोक म्हणतात तुम्ही चिडवताय. मी म्हणालो, लोकांना नम्रता ओळखता येत नाही हा लोकांचा प्रॉब्लेम. सूनबाईने मागून विचारलं, बाबांचं बीपी बघितलंय का? पोरगी गुणाची आहे.

निष्कर्ष : अक्षरं बारीक असावीत. उद्या जाड करणार.

रविवार, ९ मार्च

जाड केली. दोन्ही बाजूंची. सुट्टी असल्यामुळे सराव म्हणून शहरात चक्कर मारली. सिग्नलवर एका स्कूटरवाल्या बाईंना माझ्यामुळे जरा थांबावं लागलं, त्यांना ‘चूक माझी’ दाखवली. त्या म्हणाल्या, लाज नाही वाटत? पुढे एका बसला दाखवली. ड्रायव्हरने शिवी दिली, ती परवडली. पण खिडक्यांतून प्रवाशांनीही दिल्या. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर छत्री उगारली. ऊन होतं, छत्री मिटलेलीच होती.

संबंध शहरात एकही माणूस माफी पचवू शकत नाही. जग कुठे चाललंय!

आज दिवसभर सौ. शेजारणीशी बोलत होती. भिंतीपलीकडून नुसता आवाज येतो, शब्द येत नाहीत. हिच्या आत्येभावाचं काहीतरी झालंय एवढं कळलं. काय झालंय ते कळलं नाही. बेचैन आहे.

मंगळवार, ११ मार्च. संध्याकाळ

काल काही लिहिलं नाही. काल अंडीवाल्याने माझी पाटी बघून टेम्पोतून एक अंडं काढलं, हातावर तोललं आणि परत ठेवलं. ह्याला मी प्रगती समजत होतो.

आज संध्याकाळी बेल वाजली. खिडकीतून बघतो तर खाली पांढरा टेम्पो. पाचावर धारण बसली म्हणतात ती अशी. सौ.ला म्हणालो, मी अंघोळीला गेलोय असं सांग, आणि बाथरूममध्ये शिरलो. बादलीत नळ सोडला म्हणजे खरं वाटेल. पण नळाच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून बंद केला.

आवाज अगदी मऊ. म्हणत होता, काकू, त्या दिवशी मीही जास्तच बोललो, तसं बोलायला नको होतं. झालं गेलं. पण काका रोज दुकानासमोर येऊन बसतात आणि मला पाटी दाखवतात, ‘चूक तुमची’. वर बोटाने टकटक करून माझ्याकडे बोट करतात आणि हसतात. मी काय घोडं मारलंय त्यांचं?

मी बाथरूममधून ओरडलो, साफ खोटं! मग आठवलं की मी अंघोळ करतोय.

सौ.ने त्याला चहा दिला, पाठवलं, आणि मला गाडीपाशी नेलं. म्हणाली, बसा आणि मलाही माफी मागून दाखवा. ती बॉनेटपुढे उभी राहिली. मी आत बसलो, नीट वाचून पाटी धरली. ती म्हणाली, काय लिहिलंय? मी म्हणालो, चूक माझी. ती म्हणाली, आता उतरा आणि इथे या. मग ती आत बसली, पाटी तशीच धरली, तिच्याकडची बाजू मोठ्याने वाचली : चूक माझी.

मी पुढून वाचलं. दुसरी बाजू होती. जाड अक्षरात.

सौ. स्टिअरिंगवर डोकं टेकून किती तरी वेळ गदगदत होती. आधी वाटलं रडतेय. मग तिने वर बघून विचारलं, आणि हे माझं उलथनं का?

बुधवार, १२ मार्च

विचारांती : दोष माझा नाही, पाटीला दोन बाजू असतात हा पाटीचा दोष. तरीही मोठ्या मनाने सकाळी पायी दुकानापाशी गेलो. पाटीशिवाय. अंडीवाला ट्रे उतरवत होता. जवळून तेवढा उंच नाही.

भाषण पाठ केलं होतं, ते सगळं विसरलो. म्हणालो, बाबा रे, त्या दिवशी मी न बघता गाडी घातली, आणि तू बोलत होतास तर काच लावली. चुकलं माझं. तो म्हणाला, एवढंच म्हणायचं होतं होय काका? मी म्हणालो, एवढंच. मग त्याने ट्रे खाली ठेवला आणि इतका हसला की दुकानदारही हसला, मग मीही हसलो. माणूस सोन्यासारखा आहे. मी पहिल्यापासून म्हणत होतो.

सौ.ला येऊन सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलं, आणि चहात साखर जास्त घातली.

उद्या गुरुवार! गाडी धुतली, तिच्या सीटला नवी उशी लावली. रेडिओची वायर काढून टाकली, बोलण्यात व्यत्यय नको. आत्येभावापासून सुरुवात करायला सांगणार.

गुरुवार, १३ मार्च

सौ. तयार होऊन खाली आली. मी दार उघडून उभा. तेवढ्यात टेम्पो आला. तिचं त्याच्याशी कालच ठरलं होतं म्हणे. त्याला त्याच भागात माल द्यायचा असतो. म्हणाली, राग नाही हो तुमच्यावर, तो विषय संपला. पण तो अंडी घेऊन चालवतो, खड्डासुद्धा कळू देत नाही. माझ्या गुडघ्याला तेच बरं.

बसताना तिने माझी नवी उशी सोबत नेली.

शनिवार, १५ मार्च

सौ. बहिणीकडेच राहिली आहे. निरोप द्यायला अंडीवाला आला होता. चहा केला, दोघांत घेतला. कप ठेवता ठेवता म्हणाला, काका, काकूंच्या आत्येभावाचं कळलं ना? मी म्हणालो, नाही. तो म्हणाला, अरेच्चा! आणि मग त्याने सगळं सांगितलं. आत्येभावाचं, त्याच्या सुनेचं, सुनेच्या भावाचं. काकू फार छान सांगतात हो, म्हणाला, रस्ता कधी संपतो कळत नाही.

पुढचं त्यालाही माहीत नव्हतं. तेवढ्यात बहिणीचं घर आलं होतं.

त्याच्याबरोबर चिठ्ठी दिली आहे. गुडघा कसा आहे? बहिणीचा खोकला? इकडे मी ठणठणीत. सुनेचा भाऊ शेवटी परत आला का, ते नीट सविस्तर कळव. उत्तर लवकर लिही. सोमवारच्या टेम्पोने धाडलंस तरी चालेल.