जवारी काढलेली गिटार

अण्णा, काल एकदाचा तो आवाज जमला, आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. कॉलेजात असताना मी एका इंग्रजी रॉक गाण्याची कॅसेट सारखी लावायचे. त्याच्या सुरुवातीला नुसती साधी गिटार आहे, कोरडी, स्वच्छ. तो आवाज माझ्या गिटारीतून जसाच्या तसा काढायचा, एवढंच मला हवं होतं. आणि तुम्ही, मिरजेतले सतारी बनवणारे, काय केलंत? मी घरात नसताना तारांखालची हाडाची पट्टी काढलीत आणि सतारीच्या घोडीसारखी कानशीनं घासून तिची जवारी काढलीत. प्रत्येक तार झणझणायला लागली. मी रडकुंडीला आले, तर वर म्हणता, "आगं, मुकी हुती ती. आता बग कशी बोलतीया." लेकीला विचारायचं तरी होतंत. सांगलीच्या स्पर्धेत परीक्षकांनी वाद्यच सदोष ठरवलं. दुसरी घेऊन द्या म्हटलं, तर ऐकून न ऐकल्यासारखं केलंत. मग वर्षानुवर्षं मी त्याच गिटारीवर ते गाणं वाजवत राहिले.

आता साताऱ्यात मी स्वतः विकत घेतलेली गिटार आहे, माईक आहे. नव्या तारा फार चकचकीत वाजतात म्हणून वाजवून वाजवून जुन्या होऊ दिल्या, माईक भोकासमोरून हलवून मानेच्या बाजूला नेला, तारा छेडायचं पिक पातळ घेतलं. काल रेकॉर्डिंग ऐकलं तर हुबेहूब कॅसेट. भावाला फोनवर ऐकवलं, तर म्हणाला, "लय भारी, ताई. सेम टू सेम हाय की." आणि मला ते गाणं परकं वाटतंय. माझ्या कानात ते झणझणणारंच बसलंय. माझा कान तुम्ही बिघडवलात, अण्णा, तोही न विचारता.

बरं, या गिटारीची तशी जवारी काढावी म्हणते, तर मला येत नाही. भावाला शेजारी बसवून शिकवलंत. तो आता मोबाईलची कव्हरं विकतो, त्याला त्यातलं काही आठवत नाही. मी शिकवा म्हटलं तेव्हा म्हणालात, "पोरीच्या जातीला काय करायचंय ते?" याचा राग मला अजून येतो आणि मी तो सोडणार नाही.

तुम्ही आता नाही, तेव्हा हे कुठं पाठवायचं नाहीच. आज सकाळपासून पट्ट्या घासतेय. एक जास्त घासली गेली, दुसरी चिरली. तुम्हाला मोठ्यानं शिव्या घातल्या. पण एक कबूल करते, घासता घासता हात मधेच थांबतो, तुम्ही मागून "बास, आता पुरं" म्हणाल म्हणून.